गुडघ्यातले वंगण आणि विहारातली खुर्ची



वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. आधी वंदना, मग तासभर वाचन, शेवटी कुणाच्या शंका असल्या तर त्यावर बोलणे. यंदा एक गोष्ट आमच्या लक्षात आली. वर्षानुवर्षे पहिली रांग न सोडणाऱ्या तीन-चार उपासिका दिसेनाशा झाल्या. एक मावशी तेवढ्या यायच्या, पण आत येत नसत. बाहेर चपलांपाशी कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. आम्ही म्हटले, "मावशी, आत चला." तर म्हणाल्या, "भाऊ, खाली बसले की उठवायला दोन माणसं लागतात. चारचौघांत लाज वाटते. मला इथूनच ऐकू येतं."

तीस वर्षे झाडूखात्यात नोकरी करून, चार मुलांना शिकवून निवृत्त झालेली ही बाई. तिने विहाराच्या दाराबाहेर उभे राहावे, हे आमच्या मनाला लागले. विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?" उत्तर आले, "गुडघ्यातलं ग्रीस संपलं म्हणाले."

आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. हिशेब मांडणे एवढेच आम्हांला येते. म्हणून मावशींना म्हटले, आजवर जे जे घेतले ते सगळे एका पिशवीत घालून आणा. दुसऱ्या दिवशी पिशवी आली. त्यात दोन प्रकारची तेले, एक पट्टा, तांब्याचे कडे, 'सांध्यांचे टॉनिक' म्हणून कॅप्सूलच्या तीन बाटल्या, कुणा गावच्या वैदूने दिलेल्या बिननावाच्या पुड्या आणि दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटे. एका दवाखान्याने गुडघ्यात इंजेक्शने घेण्याचा सल्ला दिलेला कागदही होता. पाठकोऱ्या कागदावर वर्षाचा खर्च मांडला तर साडेअकरा हजारांच्या वर गेला. पेन्शनीतले साडेअकरा हजार! आणि जमेच्या बाजूला काय? रात्री झोप नाही आणि जळजळणारे पोट.

त्यानंतर आम्ही दोन महिने हा विषय समजून घेतला. सरकारी रुग्णालयातील व्यायामोपचार विभागात मावशींबरोबर बाकावर बसलो, डॉक्टरांना विचारले, वाचले. जे कळले ते येथे देत आहोत, कारण अशी पिशवी आमच्या प्रत्येक वस्तीत घरोघर आहे.

प्रथम हे 'ग्रीस' काय ते पाहू. मटणाच्या दुकानातून आणलेल्या पायाच्या हाडाचे टोक भगिनींनी पाहिलेले असते. त्यावर पांढरे-निळसर, गुळगुळीत, चिवट आवरण असते. तीच कूर्चा. आपल्या सांध्यातही दोन हाडांच्या टोकांवर अशीच गादी असते आणि मध्ये थोडासा चिकट द्रव असतो. लोक ज्याला वंगण म्हणतात ते हे. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा ओझे वाहून केलेली कामे यांमुळे ही गादी खरबरीत होते, झिजते. कडेने हाडाची टोके वाढतात. आतले अस्तर सुजते. भोवतालचे स्नायू दुबळे होतात. याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. म्हणजे हे एकट्या वंगणाचे दुखणे नाही, सबंध सांध्याचे आहे.

आता मुख्य मुद्दा. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते त्या द्रवातून. स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की पुन्हा आत शिरते. सांधा हलला, त्यावर भार आला आणि गेला, की कूर्चा तशीच पोसली जाते. म्हणजे जो माणूस दुखते म्हणून खाटेवर बसून राहतो तो आपल्या कूर्चेला उपाशी ठेवतो. मांडीचे स्नायू सुकतात, मग सगळा धक्का थेट हाडावर येतो, मग आणखी दुखते, मग आणखी बसणे. आमच्या मावशी याच फेऱ्यात सापडल्या होत्या. घरातली मुले-सुना प्रेमाने म्हणत होत्या, "आई, तू उठू नकोस." त्या प्रेमानेच निम्मे पाय गेले.

झिजलेली कूर्चा पुन्हा उगवेल असे एकही सिद्ध झालेले औषध आजपर्यंत निघालेले नाही. कुणी छातीवर हात ठेवून तसे सांगत असेल तर ती जाहिरात आहे. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, बोलणारा मोठा वाटला म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ही कसोटी आपण पूजाविधींना लावतो, मग औषधाच्या बाटलीला का लावत नाही? ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या कॅप्सूलची अमेरिकेत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर पारख झाली. २००६ साली निष्कर्ष आला की एकूण रुग्ण पाहता दुखणे कमी करण्यात त्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. गुडघ्यात दुर्बीण घालून आतून 'साफ' करण्याच्या शस्त्रक्रियेची परीक्षा त्याआधी, २००२ साली झाली होती. काही रुग्णांना नुसती कातडीवर चीर देऊन परत पाठवले, आणि दोघांच्या दुखण्यात फरक दिसला नाही! स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पेशींचे महागडे इंजेक्शन हल्ली फार सांगितले जाते. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासात वर्षभरानंतर ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते हे खरे. फार सूज असताना डॉक्टरांनी एखादे दिले तर घाबरू नये. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते देऊन पाहिले तेव्हा कूर्चेची झीज उलट वाढलेली आढळली, आणि दुखण्यात फायदा नाही. हा अभ्यास २०१७ सालचा.

पायाचा रस्सा पौष्टिक आहे, जरूर प्यावा. मात्र पोटात गेलेले सगळे पचते. ते उचलून गुडघ्यात नेऊन लावणारे कुणी आत बसलेले नाही.

बिननावाच्या पुड्यांविषयी कडक शब्दांत सांगतो. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल तर आनंद मानू नका, शंका घ्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले सापडते. चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि एकाएकी पुडी बंद केली तर माणूस कोसळतो. बरेच महिने घेतल्या असतील तर मनानेच बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुखण्याच्या गोळ्यांचेही तेच. मेडिकलवाल्याला "गुडघ्याची द्या" म्हणायचे आणि तो देईल ती रोज गिळायची, ही आपल्या वस्तीतली जुनी सवय. या गोळ्या पोटात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक, आणि साठीनंतर यांपैकी काही ना काही बहुतेकांना असतेच. दुखणे सहन करत बसा असे आम्ही म्हणत नाही. दुखणे कमी झाल्याशिवाय माणूस चालणार कसा? पण क्रम ध्यानात ठेवावा. आधी डायक्लोफेनॅकसारखे लावायचे मलम, कारण ते गुडघ्यापुरते काम करते आणि रक्तात फार थोडे जाते. त्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास जखडलेपण सैलावते. सूज असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. यापलीकडे तेल चोळण्याला आमची हरकत नाही. लेकीने आईच्या पायाला तेल लावले तर बरे वाटतेच. ते गुडघ्यात झिरपत नाही, इतकेच.

आता खरे औषध. हे फुकट आहे, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही. मांडीच्या पुढच्या भागाचा मोठा स्नायू गुडघ्याला आवळून धरतो. तो बळकट झाला की सांध्यावरचा धक्का तो झेलतो. मावशींना रुग्णालयात शिकवलेला पहिला व्यायाम असा. खाटेवर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, आणि गुडघ्याने ती खाली दाबावी. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. पाचपर्यंत मोजावे, सोडावे. असे दहा वेळा, दोन्ही पायांनी. दुसरा, उताणे झोपून एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवायचा, दुसरा सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाचपर्यंत धरायचा, हळू खाली. तिसरा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसायचे आणि उभे राहायचे, पुन्हा बसायचे, पण धपकन नव्हे, सावकाश. सुरुवातीला हाताचा आधार घ्यावा. खुर्ची उंच करायला खाली घडी केलेली सतरंजी घालावी. मावशींना पहिल्या दिवशी तीन वेळा जमले. तिसऱ्या आठवड्यात दहा वेळा.

हे रोज करावे. व्यायाम करताना थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत झाले तर चालू ठेवावे. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही जास्त दुखत राहिले तर संख्या निम्मी करावी, बंद करू नये. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. येथेच आपली माणसे हरतात. गोळी तासाभरात काम करते, व्यायामाला दोन महिने लागतात. त्याबरोबर सपाट रस्त्यावर चालणे, एकदम तासभर नव्हे, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. गुडघा वाजतो म्हणून घाबरू नये. न दुखता नुसता कटकट आवाज येत असेल तर त्यात काही बिघडत नाही.

दुसरे औषध वजन. अंगावरचे एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, हे मोजून पाहिलेले आहे. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलोंचे पोते उतरले असे समजा. दिवसभरात पावले किती पडतात त्याचा गुणाकार वाचकांनी करावा. उपास करून वजन उतरवू नये, त्यात स्नायूच झिजतात. दिवसाच्या चार-पाच कप चहातली साखर, भाताचा दुसरा वाढप, संध्याकाळचे वडे-भजी हे कमी करावे. डाळ, अंडी, मासळी, उसळ कमी करू नये.

तिसरे म्हणजे घर बदलणे. आपले सगळे जगणे जमिनीवरचे. विळीवर चिरणे, धुणे, लादी पुसणे, निवडणे, जेवणे, सगळे उकिडवे किंवा मांडी घालून. निरोगी गुडघ्याला त्याचे काही वाटत नाही. दुखऱ्या गुडघ्याला तेवढे पुरते. विळी ओट्यावर किंवा टेबलावर चढवा, नाहीतर सुरी वापरा. धुण्याची बादली स्टुलावर आणि आपणही स्टुलावर. लादीला लांब दांड्याचा पोछा. हंडा भरून एकदम उचलण्याऐवजी दोन कळशा. यातली बरीच कामे घरातले पुरुष आणि मुलगे करू शकतात. हे आम्ही पुरुषांसाठी मुद्दाम लिहितो, कारण आपल्यात समतेच्या गप्पा फार होतात आणि लादी आईच पुसते.

एका गोष्टीबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. चाळीतला सार्वजनिक संडास. बसले तर उठता येत नाही, म्हणून कित्येक आया-आज्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीचे विकार जडतात, बद्धकोष्ठ होते, आणि गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडावर आणखी ताण. भोक असलेली प्लास्टिकची किंवा लोखंडी कमोड खुर्ची मिळते. ती संडासावर ठेवून वापरता येते. तांब्याचे कडे, पट्टा आणि टॉनिक यांच्या पैशात ती आली असती. चाळ कमिटीने एक सामाईक घेतली आणि भिंतीत धरायला एक मजबूत दांडा ठोकून घेतला तर दहा घरांची सोय होते.

काठीची लाज वाटून घेऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या समोर उभे राहून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या हाती काठी होती. मधुमेहाने आणि पायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ते जर्जर होते. काठी धरण्यात मात्र बहुतेक लोक चुकतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी, आणि दुखरा पाय व काठी एकाच वेळी पुढे टाकावी. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी काठी, मऊ तळव्याची चप्पल आणि एक घडीचे स्टूल बरोबर घ्यावे. रांगेत एकाच जागी खांबासारखे उभे राहण्यापेक्षा टाचा उचलत, पाय बदलत राहावे. तरुण पोरांनी त्यांची जागा धरून ठेवावी म्हणजे त्यांना अधूनमधून कडेला बसता येईल.

प्रत्येक सांधेदुखी म्हणजे ही झीज नव्हे. झिजेच्या दुखण्यात सकाळचे जखडलेपण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटते. ते तासभर टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्यावर झीज थोपवणारी औषधे आहेत आणि तेथे उशीर केला तर सांधे कायमचे वाकडे होतात. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना, गुडघा अडकून बसला, किंवा पोटरी एकाएकी सुजली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि एक्स-रे पाहून हातपाय गाळू नयेत. फोटोत पुष्कळ झीज आणि दुखणे थोडे, असे लोक भरपूर असतात.

सगळे करूनही रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, अशी वेळ आली तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे. तिला भिऊ नये. बदललेल्या दहा गुडघ्यांपैकी आठ पंचवीस वर्षे टिकतात असा अनुभव आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या वापरातल्या प्रकाराची किंमत तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी, हा आपला हक्क आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात आधी दाखवावे. ईएसआयचे कार्ड असलेल्यांनी ते वापरावे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला स्वतः विचारावे, दलालाला नव्हे. ऑपरेशननंतरही तोच व्यायाम करावा लागतो. आधीपासून केलेला असेल तर माणूस लवकर उभा राहतो.

आता विहाराची गोष्ट. आम्ही कमिटीत सुचवले की दुखणेकऱ्यांसाठी सहा खुर्च्या ठेवाव्यात. वाद झाला. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "भगवंताच्या मूर्तीसमोर खुर्चीवर बसायचं? आणि ग्रंथ वाचणारा खाली, ऐकणारा वर?" त्यांचा भाव आम्ही समजतो. पण विनयात याचे उत्तर आहे. आपण खाली आणि ऐकणारा उंच आसनावर असताना धम्म सांगू नये, असा भिक्खूंना नियम आहे खरा, पण त्याच नियमात 'आजारी नसलेल्याला' अशी स्पष्ट सवलत घातली आहे. आणि पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात काय झाले? पाठ दुखते म्हणून तथागतांनी सारिपुत्ताला धम्म सांगायला लावले आणि स्वतः चीवर अंथरून आडवे झाले. संगीती सुत्त त्या प्रसंगातले आहे. ज्यांनी स्वतःची दुखणारी पाठ लपवली नाही, त्यांच्या विहारात म्हातारीने गुडघा लपवायचा? जुने कार्यकर्ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खुर्च्यांच्या खाली रबर लावा, फरशीवर घसरतील."

खुर्च्या आल्या, उजव्या भिंतीला लावल्या. पंचांग प्रणाम जमत नाही त्यांनी बसल्या जागी हात जोडून वाकावे असे ठरले. पहिल्या आठवड्यात दोन खुर्च्यांवर माणसे होती, आता सहाही भरतात आणि दोन कमी पडतात. त्यात तीन पुरुष आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात हे आम्हांला आजवर माहीतच नव्हते. वाचन संपल्यावर दहा मिनिटे टॉवेलचा आणि खुर्चीचा व्यायाम होतो. मोजणी मावशी करतात. पाच म्हणायच्या आधी कुणी पाय खाली टाकला की त्या पुन्हा एकपासून सुरू करायला लावतात.